आत जाणारी चाकोरी

१

राग माझ्या नाकावरच असतो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ऐकवायला नको. त्या सोमवारी मात्र सकाळी आठ वाजेपर्यंत मी चक्क कुणावरही ओरडलो नव्हतो. जंगलात एकटाच होतो, त्यामुळे ओरडून घ्यायला कुणी नव्हतंच म्हणा.

काम रोजचंच होतं. वादळात जंगलातली झाडं आडवी झाली होती. ती बाहेर काढायचा ठेका ज्याने घेतला होता, त्याची मोठी मशिनं पहिल्याच आठवड्यात पोटापर्यंत चिखलात रुतून बसली. तेव्हा त्या शहाण्याला आमची आठवण झाली. आमची म्हणजे माझी आणि भाऊजींची, माझ्या ताईच्या नवऱ्याची. आमच्याकडे एक थकलेला छोटा ट्रॅक्टर, एक चार चाकांची मोटारसायकल, जिला आम्ही बेडकी म्हणतो, आणि भाऊजींनी घरच्या अंगणात वेल्डिंग करून बनवलेली ट्रॉली. बेडकीने एकेक ओंडका झाडांमधून वाटेपर्यंत ओढत आणायचा. तिथे ट्रॉलीवर चढवायचे, साखळीने आवळायचे आणि ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत न्यायचे. मोठ्या मशिनवाले आमच्या ट्रॉलीला हसायचे. त्यांची मशिनं ओढून काढायला दुसरी मशिनं आली, तेव्हा मीही हसून घेतलं.

हसण्यासारखी होतीच ती. आस भंगारातल्या मोटारीचा, सांगाडा पाण्याच्या जाड पाइपांचा. उजवं टायर उभ्या पट्ट्यांचं, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला असतं तसं. डावं कुठल्याशा व्हॅनचं, झिजून गुळगुळीत झालेलं, आणि त्याच्या कडेचा अंगठ्याएवढा तुकडा निघालेला. आस किंचित वाकडा, त्यामुळे ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे सरळ येतच नाही, चार बोटं डावीकडे सरकून चालते. तेव्हा आमच्या चाकोऱ्या मी झोपेतसुद्धा ओळखीन. एकीकडे पट्टे, दुसरीकडे सपाट, आणि सपाट चाकोरीत दर सहा-साडेसहा फुटांवर तो अंगठा.

त्या सोमवारी रिकामी ट्रॉली घेऊन आत निघालो होतो. वाट जिथे दोन मोठ्या दगडांपाशी वळते, तिथे थांबलो. डाव्या बाजूला आम्ही कधीच गेलो नव्हतो, कारण तिकडे एकही झाड पडलेलं नव्हतं. तिकडे आमच्या चाकोऱ्या जात होत्या. पट्टे, सपाट, अंगठा.

आणि त्या खोल होत्या. ओल्या मातीत रिकामी ट्रॉली दोन बोटं रुतते, भरलेली वीतभर. या वीतभर होत्या. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची नक्षी पाहिली की गाडी कुठल्या दिशेने गेली ते कळतं. ही गाडी आत गेली होती. आम्ही रिकामे आत जातो आणि भरून बाहेर येतो. जंगलात लाकूड घेऊन जायचं काम अजून तरी कुणी कुणाला दिलेलं नाही.

बाहेर येणारी चाकोरी मी शोधली. ती नव्हती.

२

पहिला विचार आला तो भाऊजींचा. रविवारी मी घरी नव्हतो, ट्रॅक्टरचा पट्टा आणायला गेलो होतो. ट्रॉली त्यांच्या ताब्यात होती. चांगले ओंडके बाजूला काढून आत कुठेतरी लपवून ठेवत असणार, आणि पलीकडून एखादी वाट असणार, जी मला सांगितली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वर्षं एका घरात राहतो, एका ताटातलं खातो, आणि माझ्यापासून लपवाछपवी?

पण विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी उत्तर मिळालं असतं, आणि मला तेव्हा उत्तर नको होतं, मला राग हवा होता. हे आज कळतं. तेव्हा मी गुपचूप ट्रॉलीच्या दोन्ही चाकांतून साखळी ओवली, कुलूप लावलं आणि किल्ली दोरीने गळ्यात बांधली. भाऊजींना म्हटलं, हल्ली चोऱ्या वाढल्यात. ते म्हणाले, बरं केलंस.

मंगळवारी काही नव्हतं. बुधवारी सकाळी त्याच चाकोऱ्यांवरून आणखी एक खेप आत गेलेली होती. कडा अजून ओघळत होत्या आणि चाकोरीच्या तळाशी पाणी नुकतं कुठे जमत होतं. घरी कुलूप जसंच्या तसं होतं, ते मी निघताना स्वतः उघडलं होतं. लगेच मनाला पटवलं की भाऊजी तारेच्या तुकड्याने कुठलंही कुलूप उघडतात, त्यांना किल्ली कशाला लागते.

मग मी ट्रॅक्टर तिथेच उभा करून डावीकडे चालत गेलो. साधारण दोनशे पावलं. पुढे झाडं दाट होत गेली आणि चाकोऱ्या त्यांच्यामधून तशाच पुढे जात राहिल्या. एका जागी मी थांबलो आणि दोन खोडांमधलं अंतर हाताने मोजलं. चार फूट. पुन्हा मोजलं. आमची ट्रॉली सव्वापाच फूट रुंद आहे, ते माप मीच भाऊजींना धरून दिलं होतं. उजवी चाकोरी उजव्या खोडाच्या मुळातून गेल्यासारखी दिसत होती, डावी डाव्या खोडाच्या. सालीला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

मी मोठ्याने एक शिवी दिली. कुणाला दिली ते सांगता येणार नाही. मग काम पडलंय म्हणून मागे फिरलो. काम पडलं होतं हे खरंच होतं, पण मी पळत फिरलो हेही खरं.

३

गुरुवारी भाऊजी म्हणाले, ट्रॉलीचं थोडं काम आहे, मी घरी थांबतो, तू बेडकी घेऊन पुढे हो. साखळीचं कुलूप काढून दिलं आणि गेलो. दहाच्या सुमाराला आतल्या बाजूला ओंडक्याला साखळी लावत होतो, तेव्हा लांबवर आमच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकला. तो काही ठोके मारतो आणि मग एक ठोका गिळतो, दुसऱ्या कुठल्या ट्रॅक्टरला ती खोड नाही. मला वाटलं भाऊजी आले. आले नाहीत. अर्ध्या तासाने दगडांपाशी पोचलो तर डावीकडे तिसरी खेप आत गेलेली होती, ताजी.

जेवायला घरी आलो ते पेटूनच. ताईचं स्वयंपाकघर लहान आहे. भिंतीला टेकवलेलं टेबल, त्यावर चौकड्यांचं मेणकापड, खिडकीखाली मोरी, आणि तिघं बसले की चौथ्याला उभं राहावं लागेल एवढीच जागा. भाऊजी सावकाश जेवतात. त्यांच्या नखांतलं ग्रीस कधी निघत नाही. त्या दिवशी त्यांचं ते सावकाश चावणंसुद्धा मला बघवेना.

डावीकडच्या वाटेने काय नेताय, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुठली डावीकडची वाट? मी म्हटलं, सोंग पुरे. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, नीट बोल. भाऊजी म्हणाले, ट्रॉली सकाळपासून अंगणातून हललेली नाही. मी तो ट्रॅक्टरचा आवाज, ते कुलूप, ती तार, सगळं एका दमात बाहेर काढलं. मोठ्याने बोललो की मला स्वतःचं म्हणणं आणखी पटायला लागतं, हा माझा जुना रोग.

"चोर आहेस तू," मी म्हणालो.

दहा वर्षांत त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. मला वेल्डिंग शिकवलं ते त्यांनी. नोकरी गेली तेव्हा एका शब्दाने न विचारता मागची खोली रिकामी करून दिली ती त्यांनी. हे सगळं मला बोलतानाही आठवत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. मोरीपाशी जाऊन हात धुतले, पुसले.

"तू काहीतरी पाहिलं असणार," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. बघून येतो कुठे जातात त्या चाकोऱ्या."

आणि बेडकी सुरू करून निघून गेले.

४

ताई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने माझी बाही धरली आणि मला फरफटत मागच्या अंगणात नेलं.

ट्रॉलीची डावी बाजू विटांच्या चवडीवर टेकवलेली होती. चाक नव्हतंच. ते पाण्याच्या टबाशेजारी पडलं होतं, ट्यूब बाहेर काढलेली, तिच्यावर दोन ठिगळं वाळत घातलेली. आसाखालची माती कोरडी होती. ताई म्हणाली, सातला काढलंय चाक, तेव्हापासून ते इथेच बसून होते, दोनदा चहासुद्धा मी इथेच आणून दिला. ट्रॅक्टर तिकडे शेडमध्ये होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता.

मी वाकून टायरच्या कडेला हात लावला. निघालेल्या तुकड्याच्या जागी माझा अंगठा बरोबर बसला. अशीच खूण मी साडेदहाला ताज्या चिखलात पाहिली होती, एक नाही, ओळीने.

मग मला सांगितलं का नाही चाक काढलंय म्हणून, असं मी तिच्यावरच खेकसलो.

"तू विचारलंस?" ती म्हणाली.

मी तिला चाकोऱ्यांबद्दल सांगायला लागलो, खोडांमधल्या अंतराबद्दल सांगायला लागलो. तिने ऐकूनच घेतलं नाही.

"मला त्या चाकोऱ्यांशी काही घेणं नाही. त्यांना घरी घेऊन ये. आणि चुकलं म्हण. आयुष्यात एकदा म्हण. ते म्हटल्याशिवाय या घरात पाय ठेवू नकोस."

मी ट्रॅक्टर काढला. वाटेभर तो शब्द घोकत होतो. चुकलं. चुकलं माझं. तीन अक्षरांचा शब्द, पण माझ्या तोंडात तो दातांपर्यंत येतो आणि तिथे अडतो. लहानपणी वडिलांनी एकदा दिवसभर अंगणात उभं केलं होतं या एका शब्दासाठी. संध्याकाळी तेच कंटाळून आत गेले.

५

तीन वाजले असतील. ऊन लख्ख होतं, अगदी पानन् पान वेगळं दिसावं असं. दगडांपाशी वळलो. त्या खोल चाकोऱ्यांवर बेडकीच्या चाकांचे हलके ठसे उमटले होते. भाऊजी वाटेत कुठेच घुटमळलेले दिसत नव्हते. खोडांमधल्या त्या चार फुटांतूनही ते सरळ निघून गेले होते. बेडकी अरुंद आहे, ती जाते. माझा ट्रॅक्टर दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून कसाबसा निघाला.

पुढे आणखी दोन वळणं गेली आणि बेडकी दिसली. वाटेच्या मधोमध उभी होती, किल्ली जागच्या जागी. इंजिनाला हात लावला तर गरम. भाऊजींच्या बुटांचे ठसे तिच्यापासून पुढे गेले होते. घाईचे नव्हते, घाबरलेल्या माणसाचे तर अजिबात नव्हते. आठ पावलं सरळ, मग डाव्या चाकोरीच्या कडेला दोन पावलं एका जागी. तिथे ठसे संपले. चालत्या ट्रॉलीवर चढताना आम्ही असेच कडेला येतो, पाइपाला धरतो आणि पाय उचलतो.

मी ट्रॅक्टर बंद केला. आवाज बंद झाला नाही.

आधी वाटलं प्रतिध्वनी आहे. मग वाटलं, प्रतिध्वनी इतका वेळ राहत नाही. मी किल्ली काढून मुठीत धरली, बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा गप्प होता. पुढे झाडांमध्ये काही ठोके पडत होते, एक गिळला जात होता, पुन्हा ठोके पडत होते. मी उगाच मोजत बसलो. राग आला की माझ्या कानात रक्ताचे ठोके पडतात, तेच असतील, असंही मनाला सांगून पाहिलं. पण मला तेव्हा राग आलेला नव्हता. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच नव्हता.

६

पन्नासेक पावलांवर, खोडांच्या फटीतून, मला आमची ट्रॉली दिसली. डावं चाक तिला होतं. ट्रॉलीवर एकही ओंडका नव्हता. फक्त भाऊजी बसले होते, नेहमीसारखे कडेच्या पाइपावर, एक पाय खाली सोडून. तरीही चाकं वीतभर रुतलेली होती.

ट्रॅक्टरवर एक पाठ दिसत होती. तपकिरी स्वेटर, उजव्या कोपराला निळ्या कापडाचं ठिगळ. ताईने लावून दिलेलं. मी माझ्या उजव्या कोपराला हात लावला. ठिगळ तिथे होतं.

ती पाठ बोलत होती. इंजिन नुसतं चालू होतं, गाडी उभी होती, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू आले.

"चुकलं माझं, भाऊजी. तुम्हाला तसं बोलायला नको होतं मी."

आवाज माझा होता. पण त्यात राग नव्हता, आणि रागाशिवाय माझा आवाज कसा लागतो ते मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. चांगला लागतो. कुणालाही ऐकत राहावंसं वाटेल असा. भाऊजींनी बाहीने डोळे पुसले आणि हसले. पुढे झुकून त्या पाठीवर हात ठेवला. सोडून दे रे, असं काहीतरी म्हणाले.

मी घाबरायला हवं होतं. किंवा निदान हळूच, शहाण्या माणसासारखी हाक मारायला हवी होती. पण माझ्या तोंडचा शब्द, जो मला आयुष्यभर उच्चारता आला नाही, तो दुसऱ्या कुणीतरी इतक्या सहज बोलून टाकला होता. माझं डोकं फिरलं.

"उतर खाली!" मी ओरडलो. "उतर म्हणतो ना! तो मी नाही!"

भाऊजींनी वळून पाहिलं. त्यांचं हसू गेलं. जेवताना घास खाली ठेवला तेव्हा जो चेहरा झाला होता, तोच झाला. ते मला ओळखत नव्हते असं नाही, मला चांगलं ओळखलं होतं त्यांनी. म्हणूनच त्यांनी मान फिरवली.

ती पाठ वळली नाही. फक्त म्हणाली, "मागे नका बघू, भाऊजी." अगदी मायेने.

गाडी हलली. ट्रॉली चार बोटं डावीकडे सरकून तिच्यामागे निघाली. पुढे दोन खोडं होती, माझे दोन हात एकमेकांशेजारी ठेवले तर भरेल एवढं त्यांच्यामधलं अंतर. गाडी थांबली नाही, वळली नाही. मी धावलो. त्या खोडांपाशी पोचेपर्यंत आवाज पलीकडे गेला होता, आणि खोडांच्या दोन बाजूंना दोन चाकोऱ्या मुळांखाली शिरल्या होत्या.

तिथे उभा राहून मी तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. शपथेवर सांगतो, केला. तोंडातून आलं ते एवढंच, "थांबा, नाहीतर बघून घेईन."

७

घरी आलो तेव्हा पाच वाजत होते. ट्रॅक्टर अंगणात लावला, बंद केला. ताई पायरीवर बसली होती. तिने माझ्यामागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भेटले?"

भेटले, म्हणालो.

"चुकलं म्हणालास?"

मी ट्रॅक्टरची किल्ली मुठीत आवळली. ती वाट बघत होती. दहा वर्षांत तिने माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं. आणि भाऊजींनी तो शब्द ऐकला होता, माझ्या आवाजात ऐकला होता, त्यांचे डोळे भरून आले होते ते मी स्वतः पाहिलं होतं.

"हो," मी म्हणालो.

"मग?"

"मग हसले."

ताईचे खांदे खाली आले. दुपारपासून पहिल्यांदा तिने नीट श्वास घेतला असावा. म्हणाली, ते तसेच आहेत, त्यांच्या मनात काही राहत नाही, येतील आता सावकाश. मला आत येऊन तोंड धुवायला सांगितलं. मी पायरीच्या खालीच उभा राहिलो. ती म्हणाली, असा काय उभा आहेस परक्यासारखा.

तेवढ्यात जंगलाच्या बाजूने आवाज आला. काही ठोके, एक गिळलेला, पुन्हा काही ठोके. आमचा ट्रॅक्टर माझ्या शेजारी उभा होता, त्याची किल्ली माझ्या मुठीत होती. मागच्या अंगणात ट्रॉली विटांवर होती. ताईचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. तिने पदराला हात पुसले आणि केस सारखे केले.

"आले बघ," ती म्हणाली आणि फाटकाकडे निघाली.

ताई, उघडू नकोस, असं मी आधी हळू म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही. आवाज वळणावर आला होता. मग मी मोठ्याने म्हणालो. मग ओरडलो, दुपारी ओरडलो होतो तसाच, घशाच्या शिरा ताणून. उघडू नकोस म्हणतो ना, अक्कल आहे का तुला, तो मी नाही.

"आता पुन्हा ओरडायचं नाही," ती मागे न बघता म्हणाली, आणि तिने फाटकाची कडी काढली.